हातातल्या चपला

नागसेन होवाळला राग येत नाही, अशी सांगलीच्या विश्रामबागेतल्या बंगलेवाल्यांची पक्की समजूत होती. समजूत त्यांच्या सोयीची होती. आठला बोलावलं तर आठला हजर, भिंत फोडली तर मागची धूळ स्वतः झाडून जाणारा, "हे बटण तिकडं नको, इकडं घे" असं तिसऱ्यांदा सांगितलं तरी "बरं" म्हणणारा वायरमन मिळाला, की माणसं त्याला थंड डोक्याचा म्हणून मोकळी होतात. त्या डोक्यात काय चाललंय, हे विचारायची वेळ त्यांच्यावर येतच नाही. सुभेदार मानसिंगरावांवर मात्र ती आली, आणि यायलाच पाहिजे होती.

नागसेन राहायला माधवनगरला. वय सेहेचाळीस. आयटीआय झाल्यावर मिरजेत एका म्हाताऱ्या रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या हाताखाली तीन वर्षं काढली, मग पंखे, मोटारी, इन्व्हर्टर असं करत करत त्यानं सांगलीत आपलं नाव केलं. गेल्या पाच वर्षांत मोबाईलवरून दिवे लावायचं फॅड आलं, तेव्हा बाकीचे वायरमन हसत बसले आणि हा रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ बघून शिकला. पहिला प्रयोग स्वतःच्या स्वयंपाकघरात केला. दोनदा फ्यूज उडवला. बायको प्रियदर्शनी मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स; ड्युटीवरून दमून आली की अंधारात उभी राहून म्हणायची, "आता भात लावायलाबी तुमच्या मोबाईलची परवानगी लागती व्हय?"

त्या म्हाताऱ्या उस्तादानं नागसेनला एक सवय लावली होती. काम संपलं म्हणजे संपलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, न सांगता, परत जायचं आणि आपला दिवा बाहेरून बघायचा. मालकाला सांगून गेलं की मालक शेजारी येऊन उभा राहतो, हात हलवतो, चुका झाकल्या जातात. दिवा एकटा असताना काय करतो, ते बघायचं. पंचवीस वर्षं नागसेननं ही सवय मोडली नव्हती. याच सवयीनं त्याला रस्त्यावर बसवलं.

सुभेदार मानसिंगराव फौजेतून निवृत्त झालेले, पलूसकडे उसाची शेती, इथं कॉलनीच्या टोकाला बंगला. मुलगा पृथ्वीराज पुण्याला. तिथल्या फ्लॅटमध्ये त्यानं सगळं मोबाईलवर आणलं होतं, म्हणून वडिलांनाही तसंच पाहिजे होतं, किंबहुना काकणभर जास्तच. "गेटातनं मांजर आत आलं तरी मला कळाय पायजे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. गेटापासून पोर्चपर्यंत गाडीचा रस्ता, त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचे सहा दिवे. माणूस चालत येईल तसे एकामागून एक लागणारे. पोर्चवर आवाजासकट चित्र घेणारा कॅमेरा. घरच्यांचे चेहरे त्याला ओळखून द्यायचे, आणि अनोळखी चेहरा आला की मोबाईल वाजणार. कॉलनीतल्या आणखी पाच घरांनी नागसेनला सांगून ठेवलं होतं: सुभेदारांचं बघतो, मग आमचं कर. एवढं काम नीट झालं की वर्षभराची चिंता मिटणार होती. वायरमनजवळ दुकान नसतं, पाटी नसते. नाव असतं तेवढंच.

रविवारी दिव्यांचे पाईप गाडून झाले आणि गवंड्यानं वरून नवा कोबा ओढला. सोमवारी सकाळी नागसेन दिवे बसवायला आला. पोर्चवरचा कॅमेरा आधी लावून त्यानं चालू केला, आणि तारेचं भेंडोळं आणायला गेटाकडे निघाला. रात्रभर पाणी धरलेला कोबा आता पाय पेलण्याइतका घट्ट झाला होता. पोर्चमधून सुभेदारांचा आवाज आला.

"ए नागसेन, चपला काढ त्या. कोबा नवा हाय."

नागसेननं परत येताना गेटाशी चपला काढल्या.

"तितं नको ठिवू. येनाऱ्या-जानाऱ्याला गेटातच चपला दिसत्यात. हातात घे. आन् काम हुईस्तवर असंच यायचं."

"बरं," नागसेन म्हणाला.

खटकलं. खटकलं नाही असं कसं म्हणता येईल? सिमेंट हे सिमेंट असतं, मातीचे डाग पडतात, हे त्यालाही कळत होतं. पण "हातात" या शब्दापाशी त्याचं मन अडलं. मग शिडी लावायची होती, तार ओढायची होती, आणि "बरं" तर तोंडातून निघून गेलं होतं. दिवसभर त्यानं चपला हातात घेऊन ये-जा केली.

संध्याकाळी चेहरे भरायचे होते. सुभेदारांचा, त्यांच्या पत्नी अंजनाबाईंचा, दूधवाल्याचा, कामवाल्या अंबूबाईचा. शेवटी नागसेन म्हणाला, "सायेब, माजं तोंड यात घालत न्हाई. कवातरी मागनं येऊन तपासायचं तर कुनीतरी अनोळखी लागंल न्हवं? त्यो मीच हुतो." सुभेदार फोनवर पावसाबद्दल कुणाशी तरी बोलत होते. त्यांनी "हां हां" म्हणून मान हलवली.

मंगळवारी सुभेदार आणि अंजनाबाई साताऱ्याला भाचीच्या साखरपुड्याला गेले. नागसेन दिवेलागणीला आला. गेटाच्या कुलपाचा नंबर त्याच्याकडे होताच. सांगितल्याप्रमाणे त्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि चालायला लागला. पहिला दिवा लागला, दुसरा लागला. असं काही नीट झालं की त्याला पोटातून बरं वाटायचं. तिसरा दिवा मात्र जरा उशिरा लागला. नागसेन पोर्चकडे पाठ करून खाली बसला, एका हातात चपला, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि दिव्याचा डोळा थोडा फिरवायला लागला.

तिकडे साताऱ्यात, पाहुण्यांच्या घोळक्यात, सुभेदारांचा मोबाईल वाजला. अनोळखी व्यक्ती. नवं खेळणं सगळ्यांना दाखवायची संधी आयतीच चालून आली होती. अठरा सेकंदांची ती क्लिप त्यांनी पाहुण्यांना दाखवली आणि लगेच कॉलनीच्या ग्रुपवर टाकली: "माझ्या बंगल्यात संशयित इसम घुसला आहे. कोण असेल त्याने बघा." चष्मा खिशात होता. तो काढून एकदा नीट बघावं, एवढीही गरज त्यांना वाटली नाही.

पाच मिनिटांत कॉलनीचा वॉचमन आणि चौघे जण गेटात हजर. त्यांत कोपऱ्यावरच्या बंगल्यातला जयराज होता. गेल्याच महिन्यात नागसेननं त्याचा इन्व्हर्टर बसवला होता, त्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायला होता. जयराजनं ओळखलं. ओळखून म्हणाला, "आरं, तू? मग चपला हातात कशाला घितल्यास?"

"सायबांनीच सांगितलंय. कोबा नवा हाय."

कुणाला पटलं नाही. वॉचमननं त्याला रस्त्याच्या कडेला बसवलं. पिशवी उलटी केली. पक्कड, टेस्टर, कटर, टेप, दोन स्क्रू ड्रायव्हर, सगळं डांबरावर पडलं, आणि त्या पाचांपैकी एकानं त्याचाही फोटो काढला. सायकलवरून जाणारी पोरं थांबली. समोरच्या बंगल्यातल्या बाई फाटकाशी आल्या. त्यांचा पंखा त्यानंच बसवला होता. बाईंनी बघितलं आणि आत गेल्या. नागसेन खाली बसून होता, चपला अजून हातातच होत्या. घालू की नको, हेही त्याला सुचत नव्हतं.

अखेर जयराजनं साताऱ्याला फोन लावला. स्पीकरवर सुभेदार हसले. "आरं त्यो व्हय? नागसेन हाय आपला, वायरमन. सोडा सोडा. पन बगा, यंत्र कसं झ्याक चाललंय!"

चौघेही हसले. वॉचमन म्हणाला, "जा आता." डांबरावरची पक्कड आणि टेस्टर नागसेननं स्वतःच गोळा केले.

तो घरी पोचायच्या आत क्लिप पोचली होती. प्रियदर्शनीच्या दवाखान्यातल्या ग्रुपवर ती कुठून कुठून फिरून आली होती, आणि वर कुणीतरी लिहिलं होतं: "सांगलीत नवी टोळी. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन घुसतात. सर्वांना पाठवा." प्रियदर्शनीनं फोन त्याच्यापुढे धरला. अंधुक उजेडात तोंड नीट दिसत नव्हतं; बाहेर कुणाला ओळखू येणार नाही, पण लग्नाला एकवीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याची पाठ ओळखू येते. सुभेदारांनी कॉलनीच्या ग्रुपवर पुढे एक ओळही टाकली नव्हती. जेवणाआधी दोन फोन आले. काम सांगून ठेवलेल्या पाचांपैकी दोन घरं. दोघांनीही गोड आवाजात सांगितलं, "आमचं सध्या राहू दे."

कॉटवर नागसेनचे वडील बसले होते. केरूआप्पा, चौऱ्याऐंशी वर्षांचे. "मला दाव," ते म्हणाले. त्यांनी क्लिप दोनदा बघितली. कोण घुसला, कोणाच्या घरात घुसला, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"चपला हातात का हायत रं?"

नागसेननं पिशवी कोपऱ्यात ठेवली.

केरूआप्पा गाव सोडून माधवनगरच्या मिलमध्ये आले, तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. गावात मोठ्या आळीतून जाताना त्यांच्या वडिलांना चपला काढून हातात घ्याव्या लागायच्या, आणि लहानपणी त्यांनाही. छप्पन सालानंतर घरात दीक्षा आली, पण आळी होती तिथंच होती. एक दिवस केरू चपला घालून त्या आळीतून गेला आणि मार खाऊन परत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं गाव सोडलं. मिलच्या पहिल्या पगारात त्यानं बूट घेतले. तेव्हापासून बुटाशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता. अजूनही रोज सकाळी ते बुटांना पॉलिश करत. हे सगळं नागसेनला तोंडपाठ होतं. लहानपणी त्यानं ते इतक्यांदा ऐकलं होतं की नंतर नंतर त्याला त्याचा कंटाळा यायचा.

"कुनी सांगितलं?" केरूआप्पांनी परत विचारलं.

"मालकानं. कोबा नवा हाय म्हनून."

"आन् तू घितल्यास."

एवढंच म्हणून त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्या रात्री नागसेनच्या जिवाचा नुसता संताप झाला. वॉचमनचा राग, जयराजचा राग, फाटकातून परत फिरलेल्या बाईंचा राग, साताऱ्यातून आलेल्या त्या हसण्याचा राग. आणि सगळ्यांत जास्त राग स्वतःच्या तोंडून निघालेल्या त्या "बरं"चा. कॅमेरा बसवणाऱ्याचा पासवर्ड अजून त्याच्या मोबाईलमध्ये होता. त्यानं सोमवारची क्लिप काढली. सगळं होतं. सुभेदारांचा आवाज खणखणीत: हातात घे, काम हुईस्तवर असंच यायचं. एक बोट दाबलं की ती दोनशे माणसांपर्यंत गेली असती. अंगठा वर तसाच थांबला. दुसऱ्याच्या घरातला आवाज त्याला न विचारता बाहेर काढला, तर संध्याकाळी लोक जे म्हणाले ते खरं ठरेल. त्यानं मोबाईल उपडा ठेवला. खुलासा साहेबांच्याच मोबाईलवरून जायला पाहिजे, त्यांच्याच हातानं.

बुधवारी सकाळी तो निघाला, तेव्हा केरूआप्पा दारात बूट घालून उभे होते. "मीबी येतो," ते म्हणाले. प्रियदर्शनीनं अडवलं नाही; उलट त्यांची काठी आणून हातात दिली.

गेटाशी स्कूटर लावली. नागसेननं नंबर दाबला आणि चपला न काढता आत पाऊल टाकलं. मागून आप्पांचे बूट वाजत होते. घरात मोबाईल वाजला. आज खरोखरच दोन अनोळखी माणसं आली होती.

रात्रीच साताऱ्याहून परतलेले सुभेदार चहाचा कप घेऊन पोर्चमध्ये आले. नजर आधी पायांकडे गेली, मग तोंडाकडे. "ये ये. ह्ये कोन?"

"माजे वडील. सायेब, मोबाईल घ्या. सोमवारची क्लिप काडा. साडेअकराची."

"आरं कालचं डोस्क्यात ठिवलंस व्हय? चुकून झालं गड्या. मी सोडा म्हनलो न्हवं?"

"सोडलं तुमी फोनवर. चोर म्हनलात ग्रुपवर. जितं म्हनलात तितंच सांगा."

त्याचा आवाज चढला होता. अंजनाबाई दारात आल्या. नागसेन होवाळचा आवाज चढतो, हे त्या बंगल्यात आज पहिल्यांदाच कळलं. सुभेदारांनी मोबाईल काढला. क्लिप लागली, आणि त्यांचाच आवाज पोर्चमध्ये घुमला. केरूआप्पांनी तो मान खाली घालून ऐकला.

"हे बग," सुभेदार म्हणाले, "माज्या मनात जातबीत काय न्हवतं. फौजेत एका ताटात जेवलोय आमी. कोबा खराब हुईल म्हनून बोललो."

"तेवडंच लिवा मग. मीच चपला हातात घ्यायला सांगितल्या, असं."

सुभेदारांनी लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं: "कालच्या क्लिपमधील इसम आमच्या ओळखीचा आहे."

"इसम न्हाई. नाव लिवा. पुरं."

त्यांनी खोडलं. नागसेन केरू होवाळ, वायरमन, आमच्या कामावर आले होते, असं लिहिलं. मग अंगठा थांबला.

"आन् चपला?" नागसेननं विचारलं.

"नाव टाकलं की. आता तेवड्यानं काय हुतंय? उगं लोक येगळाच अर्थ काडतील."

"माजा काडलाच की."

"लिवा की आवं," अंजनाबाई दारातून हळूच म्हणाल्या. सुभेदारांनी तिकडे बघितलं नाही. लिहिलं होतं तेवढंच पाठवलं आणि मोबाईल खिशात घातला. बावीस वर्षं सरहद्दीवर काढलेल्या माणसाला एक ओळ लिहायची भीती वाटली.

केरूआप्पा मघापासून कोब्याकडे बघत होते. दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी चौथ्या दिव्याजवळ काठी टेकवली. तिथं, गुळगुळीत सिमेंटमध्ये, बुटाचा एक अख्खा ठसा उठला होता. टाचेची नक्षीसुद्धा स्पष्ट होती.

"ह्यो कुनाचा?" त्यांनी विचारलं.

पोर्चच्या पायरीवर सुभेदारांचे फिरायला जायचे बूट होते. तळात अजून पांढरं सिमेंट अडकलेलं होतं.

"रव्वारी फोनवर हुतो," सुभेदार म्हणाले. "ध्यान न्हवतं."

"तुमचं नसलं तरी चालतंय," केरूआप्पा म्हणाले.

नागसेननं बॅगेतून कागद काढला. पासवर्ड लिहिलेला होता. स्वतःच्या मोबाईलमधलं सुभेदारांच्या घराचं सगळं त्यानं त्यांच्यासमोर पुसलं आणि कागद कठड्यावर ठेवला. "तिसरा दिवा वाईच उशिरा लागतोय," तो म्हणाला. "त्येवडं ऱ्हायलं. दुसरा वायरमन बगंल."

तो वळला. केरूआप्पा आधीच निघाले होते. वयाच्या मानानं भराभर, बूट वाजवत. दोघं मधल्या दिव्यांपाशी पोचले, तेव्हा मागून सुभेदारांची हाक आली. आवाज आता नरमला होता.

"आरं नागसेन, जातोस तर जा. पन गवंड्याला धाडून त्यो ठसा तेवडा भरून दे की. वंगाळ दिसतोय."

नागसेन थांबला. राग होताच, पण बोलला तो वायरमन म्हणून, पंचवीस वर्षं सिमेंट फोडलेला माणूस म्हणून.

"भरंल की गवंडी. पन नवं सिमेंट जुन्यात मिळत न्हाई, सायेब. रंग येगळाच ऱ्हातोय. बुटाएवडा डाग कायम दिसत ऱ्हाईल. तुमाला तर रोजच."

गेटाबाहेर येऊन त्यानं स्कूटर चालू केली. केरूआप्पा मागे बसले, आणि दोघं माधवनगरच्या रस्त्याला लागले.